टॅनर म्हणजे काय हो?

तुम्हाला पहिल्याच भेटीत कुणी विचारलंय का, "ते झालं, पण आडनाव काय?" आम्हाला न्युरेम्बर्गमध्ये इतक्यांदा विचारलं गेलं, की आडनावांचे किस्से सांगायला बसले तर चहा दोनदा गरम करावा लागेल!

२००४ साली आम्ही इथे आलो. मराठी मंडळात गेलो, त्या पहिल्याच रविवारी जोशीकाकूंनी मला गाठलं.

"वडनेरकर का? कुठले वडनेरकर?"

"वडनेरचे!"

"तसं नाही हो. म्हणजे, मूळचे?"

"मूळचेही वडनेरचेच, काकू!"

*

जर्मन माणसांना आमचं मूळ नको असायचं, नुसता उच्चार जमला तरी पुरे. डॉक्टरांकडची रिसेप्शनिस्ट कागद बघून दीर्घ श्वास घ्यायची. तिने श्वास घेतला, की मी उठून उभी!

*

आमची ईशा चौथीत असताना बाईंनी वर्गाला काम दिलं. आपल्या आडनावाचा अर्थ शोधा, पूर्वज काय करायचे ते विचारा, आणि सोमवारी सांगायला आईला किंवा बाबांना घेऊन या. श्नायडरचे पूर्वज शिंपी निघाले, म्युलरचे गिरणीवाले.

"आल्झो, बाबा, आपले काय करायचे?" 'तर मग'साठी तिला जर्मनच शब्द सुचायचा.

"आपलं गावाचं नाव आहे. तेवढंच लिही. सोमवारी मला मीटिंग आहे."

खरं तर ह्यांचे आजोबा गावात चामडं कमवायचे. सासऱ्यांना शाळेत घातलं, तेव्हा आडनाव बदललं. इथल्या मंडळींत ते निघू नये, म्हणून हे फार जपायचे. ईशालाही सांगितलं नव्हतं.

*

त्या सोमवारच्या आदल्याच दिवशी, रविवारी, मंडळाचा दिवाळी फराळ होता. ह्यांच्या ऑफिसातले इंग्रज इंजिनिअर, टॅनर साहेब, आमच्याबरोबर आले. जोशीकाकांनी त्यांनाही सोडलं नाही.

"टॅनर म्हणजे काय हो?"

"चामडं कमावणारा! आमचं घराणं तेच करायचं. गावाबाहेर, नदीकाठी. अख्खं गाव नाक धरून जायचं!"

सांगताना माणूस असा खुलला, जणू राजघराण्यातला!

काकूंचा हात चिवड्यातच राहिला. "अगं बाई! मग लग्नं कशी जमायची?"

काकांनी ते इंग्रजीत विचारलं.

"नाक धरून!"

सगळे खो खो हसले. काका हसत हसतच ह्यांच्याकडे वळले. "काय वडनेरकर, तुमचे पूर्वज काय करायचे?"

ईशा बाबांकडे बघत होती. ह्यांनी बशी खाली ठेवली.

"तेच. चामडं कमवायचे."

काका खिडकीबाहेर बघायला लागले. ह्यांनी तेच वाक्य इंग्रजीत, टॅनर साहेबांना सांगितलं. साहेब खुर्ची ओढून ह्यांच्या शेजारी येऊन बसले.

"अरे, मग आधी नाही का सांगायचं! आम्ही चामडं कमवायला ओकच्या झाडाची साल वापरायचो. तुम्ही?"

"बाभळीची," हे म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी आठ वाजता हे ईशाच्या वर्गात फळ्यासमोर उभे होते.