काळेबाईंचं लॉगिन

नव्वदच्या दशकातल्या एका मार्चमध्ये, उल्हासनगरच्या आमच्या कॉम्प्युटर क्लासमध्ये, दुपारच्या बॅचला काळेबाईंचं लॉगिन चालू झालं. काळेबाई जानेवारीत वारल्या होत्या.

मी तिथे कोबोल ही प्रोग्राम लिहायची भाषा शिकवत असे. खाली जीन्स शिवायचा कारखाना, वर आमची टर्मिनल्स. दुपारची बॅच अंबरनाथच्या एका केमिकल कंपनीने पाठवलेली होती. त्यांची पंच रूम बंद होणार होती. पंच रूम म्हणजे कागदावरचे आकडे दिवसभर मशीनमध्ये टाइप करणाऱ्या ऑपरेटर बायकांची खोली. परीक्षा पास होईल तिला नव्या कॉम्प्युटर विभागात घेणार होते. बाकीच्या घरी जाणार होत्या.

नावं डिसेंबरातच आली होती. त्यावरून मी प्रत्येकीचं लॉगिन तयार केलं. लॉगिन म्हणजे मशीनमधलं तिचं नाव आणि तिच्या फाइलींचा खण. सुरुवातीचा पासवर्ड आडनावाचाच. काळेबाई क्लासला एकदाही आल्या नाहीत. कंपनीने नाव काढल्याचं कळवलं नाही, म्हणून लॉगिन तसंच राहिलं.

त्यांच्या खणात पगाराचा प्रोग्राम होता. त्याच बॅचमधल्या वैशाली जाधवच्या खणातही तोच होता, अक्षराला अक्षर. फरक एकच. काळेबाईंच्या फाइलीत शून्याच्या जागी इंग्रजी ओ पडला होता. मशीनच्या लेखी ओ हे अक्षर. तो आकड्यात आला की प्रोग्राम अडतो.

क्लासचे सिंधी मालक दयालसेठ म्हणाले, "मास्तर, सीधी कॉपी है. काळेबाई का नाव काट डालो."

"कोणाची कॉपी? ती बाई हयात नाही."

"वही तो! मेलेली बाई माझ्याकडे क्लास करते, असं मार्केटमध्ये झालं तर कोण येणार साईं?"

वैशाली बदलापूरच्या मांजर्लीची. घरात पगार तिचा एकटीचा. तिला बाजूला बोलावून विचारलं.

"कॉपी नाही सर. व्हेरिफाय करते."

पंच रूममध्ये प्रत्येक कागद दोनदा टाइप होई. पहिली ऑपरेटर पंच करी. दुसरी तोच कागद पुन्हा टाइप करी, आणि जिथे दोघींचं जुळत नसे तिथे मशीन बीप करून थांबे. दुसरीला व्हेरिफायर म्हणत.

"बाई पंच करायच्या, मी व्हेरिफाय. लागले तेव्हापासून हेच. पहिल्यांदा टाइप केलेलं मला माझं वाटतच नाही. आधी त्यांच्या नावाने करते, मग माझ्या." दोन फाइलींतला फरक दाखवणारी कमांड मीच शिकवली होती. ती त्यासाठी वापरत होती.

"आणि तो ओ? मुद्दाम?"

"बाईंची खोड होती ती. मी नाही करत सर. त्या नावाने बसले की होतं."

मी समोर बसवून टाइप करायला सांगितलं. स्वतःच्या लॉगिनमध्ये तिची एकही चूक झाली नाही. मग काळेबाईंच्या लॉगिनमध्ये बसली. वेग कमी झाला. प्रत्येक ओळ संपली की हात थांबे आणि उजव्या हाताने ती डाव्या मनगटावरून काहीतरी मागे सारी. मनगटावर काही नव्हतं. आकड्यांच्या ओळीत ओ पडला.

पलीकडच्या टर्मिनलवरची बाई पर्स घेऊन उठली. "ए बाई, बंद कर ते. काळेबाईंची बांगडी पण अशीच पुढे यायची."

दयालसेठनी निर्णय दिला. परीक्षेआधी लॉगिन काढायचं. मी वैशालीला आदल्या दिवशी सांगितलं.

ती म्हणाली, "मग मी कोणाला तपासू?"

परीक्षेच्या सकाळी मी लॉगिन काढलं, खणही काढला. त्या नावाने आत जायचा प्रयत्न करून पाहिला. मशीनने नाकारलं. कंपनीचे ऑफिसर येऊन खोलीत बसले.

वैशालीने प्रोग्राम टाइप करून कम्पाइल केला, म्हणजे मशीनकडून तपासून घेतला. एरर आली. शून्याच्या जागी ओ. तिच्या स्वतःच्या लॉगिनमध्ये ही चूक पहिल्यांदाच झाली होती. तिने ती फाइल तशीच ठेवली. मग नवी फाइल उघडून सगळा प्रोग्राम पहिल्या ओळीपासून पुन्हा टाइप करू लागली. बाकीच्या प्रिंट काढत होत्या.

ऑफिसर मागे येऊन उभे राहिले. "अहो मॅडम, एक अक्षर बदला ना! टाइम संपेल."

"व्हेरिफाय करतेय, साहेब." तिने मान वळवली नाही.

वेळ संपायच्या जरा आधी प्रोग्राम चालला. वैशाली पास झाली. कंपनीने तिला नव्या विभागात घेतलं.

संध्याकाळी मी बॅकअप घेतला. वैशालीच्या खणात परीक्षेच्या दोन फाइली होत्या. प्रत्येक फाइल कोणाच्या लॉगिनमधून बनली, त्या मालकाचं नाव मशीन तिच्यासमोर दाखवतं. लॉगिन काढून टाकलेलं असेल, तर नावाच्या जागी मशीनने त्या लॉगिनला दिलेला जुना नंबर येतो. फाइल दुसऱ्याच्या नावावर करायची कमांड असते. ती आमच्या अभ्यासक्रमात नव्हती.

बरोबर असलेल्या फाइलीसमोर वैशालीचं नाव होतं. ओ असलेल्या फाइलीवर वेळ परीक्षेतलीच होती. मालकाच्या जागी नंबर होता. तो काळेबाईंचा होता.