झोपतंय-उठतंय वाजवणारे हमीदभाई

हमीदभाईंची माझी पहिली ओळख झाली ती त्यांच्या पाठीशी. शहागंजात त्यांच्या वडिलांचं बँडचं दुकान होतं. मी पैठणहून शाळेसाठी शहरात आलेलो, जवळच मामांकडे राहायचो. एका संध्याकाळी दुकानात डोकावलो तर माझ्याच वयाचे हे गृहस्थ रेडिओला कान लावून, साऱ्या जगाकडे पाठ करून बसलेले. मी हाक मारली. मागं न बघताच हात वर करून ते म्हणाले, "रुक ना यार, आवाज जारा है!" मी थांबलो. आज त्यांची पंच्याहत्तरी साजरी होते आहे आणि मी त्यांच्यापाशी अजून थांबलेलोच आहे.

ही जुनी गोष्ट मुद्दाम सांगतो आहे. कारण या वर्षाच्या सुरुवातीला हमीदभाईंनी आपली क्लॅरिनेट पेटीत ठेवून दिली होती, आणि ती पुन्हा बाहेर निघेल की नाही याची आम्हा सगळ्यांना धास्ती लागली होती. त्याकडे येतोच.

रेडिओवर त्या संध्याकाळी जे चाललं होतं त्याला रॉक अँड रोल म्हणतात, हे आम्हाला पुढं कळलं. समुद्रापलीकडचं कुठलंसं स्टेशन शॉर्टवेव्हवर इंग्रजी गाणी लावायचं. शब्द एक कळत नव्हता, पण पाय काही ऐकत नव्हते. आम्ही दोघांनी शिंप्याकडून नळकांड्यासारख्या तंग पँटी शिवून घेतल्या. त्या घालून ऐटीत उभं राहता यायचं, बसता मात्र यायचं नाही. माझ्या मामांनी ती पँट बघून "अर्धं कापड शिंप्यानं ठेवून घेतलं काय रे?" असं विचारलं होतं.

हमीदभाईंचे वडील, म्हणजे आमचे सगळ्यांचे अब्बा, निजामाच्या फौजेच्या बँडमध्ये होते. पोलिस ॲक्शननंतर फौज गेली, नोकरी गेली, तेव्हा त्यांनी लग्नाचा बँड काढला. शिस्त फौजेचीच राहिली. नवं गाणं बसवायचं ते रेडिओवर ऐकून, आणि त्याचा एकच कायदा होता. "जैसा सुने वैसाच बजाना. अपनी अक्कल नक्को लगाना." एक जरी सूर पदरचा घातला तरी अब्बा छडीनं ढोलाच्या कडेवर टकटक करायचे. मी त्या बँडमध्ये साइड ड्रम वाजवायला लागलो होतो, त्यामुळं ती टकटक सगळ्यात आधी माझ्या कानात शिरायची.

या कायद्यानंच घोटाळा केला. शॉर्टवेव्हवर आवाज मध्येच बुडायचा आणि पुन्हा वर यायचा. सिनेमाची गाणी आम्ही टॉकीजमध्ये ऐकलेली असायची, म्हणून गाण्याचं काय आणि रेडिओचं काय हे कळायचं. आम्ही बसवायला घेतलेल्या इंग्रजी गाण्याचं तसं नव्हतं. ते जेव्हा लागलं तेव्हा ऐन रंगात आलं आणि त्याचा आवाज बुडाला. आम्ही तेही बसवलं! सगळा बँड धडाक्यात चालला असताना हळूहळू कुजबुजीवर यायचा, ओठांतल्या ओठांत वाजवायचा आणि मग एकदम उसळायचा. हमीदभाईंनी यावर इतकी मेहनत घेतली की विचारू नका.

पैठणच्या एका वरातीत त्यांनी ते वाजवायचा हट्ट धरला. अब्बा एवढंच म्हणाले, "बजा. मगर लोगां बिगड़े तो कल से बाजा बंद, तेरे मामू के दुकान में कपड़ा नापना." एसटीच्या टपावर ढोल बांधून आम्ही गेलो. वरात निघाली, गाणं सुरू झालं, पोरं नाचायला लागली आणि आवाज बुडाला. नाचणारे जागीच थबकले. नवरदेवाचे काका फेटा सावरत पुढं आले. "ओ बँडवाले, काय झालं? दमले व्हय?" हमीदभाईंचा चेहरा पांढराफटक पडला होता, पण क्लॅरिनेट ओठांवरून हलली नाही. मग सगळी वाद्यं एकदम उसळली, आणि काकांनीच फेटा हवेत उडवला. "आयला, लई भारी! पुन्हा घ्या ते, मधीच झोपतंय अन् उठतंय ते!" त्या दिवसापासून गाण्याचं नाव झोपतंय-उठतंय पडलं. लग्नाचा बँड ठरवायला आलेले लोक तारखेच्या आधी ते गाणं ठरवू लागले.

पुढं छावणीतल्या एका ओळखीच्या घरी त्या गाण्याची तबकडी ऐकायला मिळाली. त्यात आवाज कुठंच बुडत नव्हता. हमीदभाई तडक दुकानाकडे निघाले. दुकानात येऊन म्हणाले, "अब्बा, हम तो रेडिओ की बीमारी बजाते रहे." अब्बा क्लॅरिनेटच्या तोंडाची रीड पुसत होते. ते म्हणाले, "हम जो सुने वोच बजाए ना? फिर झूट कायका?" गाणं तसंच राहिलं.

माणूस म्हणून हमीदभाई कसे आहेत, हे माझ्या घरच्यांना विचारावं. माझ्या धाकट्या बहिणीचं लग्न रमजानमध्ये आलं. रोजा असताना ते भर उन्हात वरातीपुढं फुंकत चालले, आणि हे आमच्या कुणाच्या लक्षातही आलं नाही. आईच्या आलं. सूर्य मावळायच्या वेळी ती मांडवाच्या दाराशी पाण्याचा तांब्या आणि खजूर घेऊन उभी होती. आजही ईदला शीरखुर्म्याचा पहिला डबा आमच्या घरी येतो. मुकुंदवाडीतल्या त्यांच्या बँडच्या वर्गात वाळूजच्या कारखान्यांतली पोरं शिकतात. पोरांची शिफ्ट बदलली की वर्गाची वेळ बदलते, गुरुजींच्या जेवणाची वेळ गेली तरी चालते.

अशा माणसाचे कान गेले. यंत्र लावलं तरी बारीक आवाज पोचत नाही. त्यांनी पेटी बंद केली आणि मला स्पष्ट सांगितलं, "अब्बा का कायदा है. सुनाई नहीं देता तो बजाना कायका?" घरी येऊन मी रडलो, हे लिहायला लाज वाटत नाही.

गेल्या महिन्यात या समारंभाची तालीम होती. हमीदभाई खुर्चीवर पाहुण्यासारखे बसले होते. पेटी मी बळंच आणून त्यांच्या मांडीवर ठेवली होती. वर्गातल्या पोरांनी झोपतंय-उठतंय सुरू केलं. गाणं रंगात आलं आणि आवाज बुडाला. आता त्यांना काहीच ऐकू येत नव्हतं, हे त्यांच्या डोळ्यांवरून दिसत होतं. पण बोटं मांडीवर हलत होती. त्यांनी पेटी उघडली, क्लॅरिनेट जुळवली, ओठांना लावली, आणि ज्या क्षणी गाणं उसळलं त्याच क्षणी त्यांचा सूर सगळ्यांच्या वर उसळला. गाणं संपल्यावर पोरांच्या टाळ्या थांबेनात. मी त्यांच्या कानाशी जाऊन ओरडलो, "कायदा मोडला की हो!"

"कायकू?" ते म्हणाले. "सुने तो थे ना? जब सुने थे, तब का बजाया."

हमीदभाई, समारंभात क्लॅरिनेट तुम्हीच वाजवणार, हे आता ठरलं आहे. तुम्हाला भरपूर आयुष्य लाभो, दम टिको आणि ओठ ओले राहोत. मध्येच आवाज बुडालाच तर घाबरणार नाही, आम्ही ड्रमवर हळू ठेका धरून बसू. तुम्ही वर या.