जान्हवीची ओटी कोण भरणार?

भांडुपच्या श्रुतिकाला कुणी कामाबद्दल विचारू नये. विचारलं की ती सांगतच सुटते. कर्करोगाच्या गाठीतल्या डीएनएत विषाणूचा डीएनए नेमका कुठे घुसून बसलाय, ते हुडकणारं सॉफ्टवेअर ती लिहिते. डीएनएचे असंख्य तुकडे चाळायचे आणि अर्धा माणसाचा, अर्धा विषाणूचा असा जोडतुकडा पकडायचा, हे त्याचं काम. सापडला की बाई खूश. स्क्रीन रिकामी निघाली की घरात कुणाशी धड बोलत नाही.

हे वेड तिला आईमुळे लागलं. सुगंधाला, म्हणजे तिच्या आईला, गर्भाशयाच्या मुखाचा कर्करोग झाला होता. ती खडखडीत बरी झाली, पण तो रोग करणारा विषाणू लेकीच्या डोक्यातून काही गेला नाही. एकदा जेवताना तिने आईला मोठ्या कौतुकाने सांगितलं होतं, की हा विषाणू थेट आपल्या डीएनएत जाऊन बसतो. सांगितलं आणि भाताला दही मागितलं.

पुढे थोरल्या भावाच्या, सुयोगच्या बायकोचं, जान्हवीचं डोहाळजेवण ठरलं. त्यांच्याकडे सुनेची ओटी सासूने भरायची. सुगंधा मात्र म्हणाली, शेजारची विमला भरेल. श्रुतिका चिडली, मग कारण सांग म्हणून खनपटीलाच बसली. तेव्हा आई हळूच बोलली.

"तुयाच सांगलंस मां गो, तो माझ्या डीएनएत जावन बसलो म्हणान. माझ्यातलो सुयोगात इलो असात. आता माझ्या हातान त्या बाळाक तरी नको."

श्रुतिकाला जेवतानाचं आपलं बोलणं आठवलं. उचलली जीभ लावली टाळ्याला, आणि इतके दिवस सोसत होती आई.

तिने लॅपटॉप उघडला. अभ्यासासाठी मिळालेले, नावं काढून टाकलेले नमुने त्यात होते. एका बाईच्या गाठीचा निकाल दाखवला; तिथे दोन रंगांचे जोडतुकडे दिसत होते. मग त्याच बाईच्या रक्ताचा दाखवला. तिथे काहीच नव्हतं.

"तो त्या गाठीच्या पेशींत बसतो, आई. रक्ताच्या पेशींत नाही, आणि आईच्या डीएनएतून मुलात तर उतरतच नाही. ओटी भरल्याने बाळाला काही होत नाही. दादा तर तुझ्या आजाराच्या कितीतरी आधी जन्मला."

सुगंधाने दुसऱ्या बाईच्या रक्ताचं दाखवायला सांगितलं, मग तिसरीच्या. रिकाम्या स्क्रीनवर एरवी आदळआपट करणारी श्रुतिका आज प्रत्येक रिकाम्या स्क्रीनवरून जीव ओवाळून टाकत होती.

सुगंधाने चष्मा पुसून पुन्हा लावला आणि ती शेवटची स्क्रीन जवळून पाहिली. मग उठली, फळीवरचा नारळ काढला आणि कानाशी हलवून पाहिला.

"विमलाक सांग, नुसता जेवूक ये. ओटी मी भरतलंय."