विटेला मॅचिंग

रफूवाल्या काकांनी आयुष्यात एकाही कपड्याला "हा टाकून द्या" म्हटलं नव्हतं. उंदरांनी जेवण उरकलेला कोट असो की इस्त्रीने जाळलेली पँट, काका तो उजेडात धरत, मान हलवत आणि म्हणत, "गुरुवारी या." त्यामुळे वडिलांचं पडकं घर त्यांच्या वाट्याला आलं, तेव्हा काकूंनी कपाळाला हात लावला.

घराची मागची भिंत केव्हाच आडवी झाली होती. तरी काका पुढच्या दाराचं कुलूप काढून आत जात आणि निघताना लावलेलं कुलूप ओढून बघत. गल्लीतली कुत्री मागून ये-जा करत. एकदा पोस्टमनही मागूनच आला, तर काकांनी त्याला वळसा घालून दारातून यायला लावलं.

इंजिनिअर म्हणाला, "पाडा आणि नवं बांधा." गवंडी म्हणाला, "पुढच्या दोन खोल्या तग धरतील, डागडुजी करू." काका दोघांनाही "बघू" म्हणाले, आणि या बघण्यात वर्ष उलटलं.

तोवर काका-काकू काकूंच्या भावाच्या घरी, मागच्या खोलीत दिवस काढत होते. स्वयंपाकघर भावजयीचं. साधा डबा उचलला तरी ती विचारायची, "वन्सं, काही हवं होतं का?" तेही इतकं गोड की घास घशात अडकावा. काकूंना बंगला नको होता. कुणाला न विचारता चहा टाकता येईल एवढी जागा हवी होती.

अखेर त्यांनी बजावलं, "पाडा नाहीतर जोडा. या महिन्यात कामाला हात लागला नाही, तर मी स्टोव्ह घेऊन तिथे जाऊन बसेन. मागे भिंत नाही ते बरंच, धूर कोंडणार नाही."

काकूंचं बोलणं म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. काकांनी घाईघाईने डागडुजीला होकार दिला आणि भिंतीतली एक सुटी वीट पिशवीत घालून वखार गाठली. नवी वीट तिच्याशेजारी धरून त्यांनी डोळे बारीक केले.

"यात जरा काळपट छटा नाही का?"

"काका, विटेला मॅचिंग कोण बघतं? वरून प्लास्टर येणार."

"अस्तर लावलं म्हणून भोक बुजत नाही," काका म्हणाले आणि पुढच्या वखारीकडे निघाले.

सगळ्या वखारी पालथ्या घातल्या. बसमध्ये वीट मांडीवर. कंडक्टर म्हणाला, "आजोबा, हिचं अर्धं तिकीट काढू का?" संध्याकाळी काकांनी ती भावजयीच्या ओट्यावर ठेवली.

"वन्सं, ही कुठल्या डब्यात भरू?"

काकू नवऱ्याकडे वळल्या. "अहो, कोटाला रफू करायला दोरा कुठून आणता?"

"त्याच कोटाच्या आतल्या शिवणीतून. परका दोरा दिसून येतो."

"मग घराच्या मागच्या खोल्या काय शोभेला ठेवल्यात?"

काकांनी वीट उचलून उजेडात धरली. मग म्हणाले, "हे आधी का नाही सांगितलंस?"

"मला वाटलं, रफूवाले तुम्ही आहात."

गवंडी पोट धरून हसला, पण कामाला लागला. मागचं उसवायचं, धड विटा निवडायच्या, पुढे भरायच्या. घर मागून आटत आणि पुढून भरत गेलं. शेवटी विटा अपुऱ्या पडल्या आणि दोन खोल्यांची दीड झाली. त्या अर्ध्या खोलीतल्या ओट्यासाठी काकांनी गळ्यातली टेप काढली आणि काकूंना ताठ उभं करून जमिनीपासून कोपरापर्यंतचं माप घेतलं.

"शिलाई किती घेणार?" काकूंनी विचारलं.

"गुरुवारी सांगतो."

इंजिनिअर येऊन गेला. "हे दुरुस्त केलं म्हणायचं की नवं बांधलं?"

"अंगाबरोबर करून घेतलं," काका म्हणाले.

घर बघायला भावजय आली. सवयीने तिने ओट्यावरचा साखरेचा डबा उचलला.

"काही हवं होतं का गं?" काकूंनी मधाळ आवाजात विचारलं.

डबा जागच्या जागी गेला. काका इकडे भिंतीला गाल लावून, एक डोळा मिटून, जोड कुठे दिसतोय का ते बघत होते.