फसवी मेंदी

लढाईच्या आधी मी मुरबाडला शाळामास्तर होतो. शनिवारी वैशाखरे गावाला जाणाऱ्या मोटारीत एक माळी शेजारी बसायचा. नाव कधी विचारलं नाही. मांडीवर ओलं गोणपाट, त्यात साहेबाच्या बंगल्यातल्या विलायती मेंदीच्या फांद्या. वाटेत एका वळणावर मोटार इंजिनात पाणी भरायला थांबली, की हा उतरून एक फांदी खोचायचा आणि मिशांना माती लावून परत यायचा. बघता बघता तिथे कुंपण झालं.

एकदा त्याच वळणावर बायकांनी मोटार अडवली. पुढे हळदीची नवरी. तिच्यामागची एक बाई माळ्यावर ओरडली,

"मेंदी समजून पाला वाटला, दोन दिस हिचे हात बांधून ठेवले. रंग नाय आला रे मेल्या!"

माळी जराही हलला नाही. "हात हुंग गो," तो नवरीला म्हणाला. "रंग आठ दिसांत जातो. या वासानं नवरा हात सोडायचा नाय."

नवरीने तळहात हुंगला आणि ती खुदकन हसली. मग बायका, ड्रायव्हर, मी, सगळेच पाला चुरडून हात हुंगत सुटलो. मोटार तासभर हलली नाही.

पुढे रस्ता रुंद झाला, कुंपण गेलं. माळीही पुन्हा दिसला नाही. परवा मी मोटारीने गेलो, तर त्या वळणावरच्या थांब्याला कंडक्टर ओरडला, "फसवी मेंदी, उतरा!"

तीच नवरी, आता पोक्त झालेली, उतरली. नवऱ्याने उतरायला हात दिला होता. मोटार सुटली, तरी त्याने तिचा हात सोडला नव्हता.