बारा घरांची ऊब

स्वीडनमधल्या हेर्नेसान्ड गावात, टेकडीवरच्या त्या तिमजली इमारतीत बारा घरं होती आणि बाराही घरांची ऊब अठरा वर्षं गुनबोर्गच्या हातात होती. कागदाच्या गिरणीत वाफेचे पाइप सांभाळण्यात तिचं उभं आयुष्य गेलेलं. ती स्वतः तिथेच राहायची, म्हणून इमारतीचं हे काम तिनं हौसेनं अंगावर घेतलं होतं.

सप्टेंबर लागला की ती बादली, फडकं आणि छोटी किल्ली घेऊन दारोदार फिरायची. खोली तापवायला भिंतीशी बसवलेल्या, गरम पाण्याच्या रेडिएटरमध्ये अडकलेली हवा फुस्सकन बाहेर काढायची. कुणी सोफा अगदी चिकटवून ठेवला असेल, तर "त्याला श्वास घेऊ द्या की!" म्हणत स्वतःच ओढायची. पण खरं कसब पुढेच. तळघरातल्या बॉयलरचं गरम पाणी आधी जवळच्या घरांत धावतं. म्हणून खालचे व्हॉल्व्ह आवळायचे, वरचे सैल सोडायचे, तेव्हा कुठे तिसऱ्या मजल्याला ऊब पोचते. घरोघरी थर्मामीटर ठेवून, पाव-पाव आटा फिरवत तिचे पंधरा दिवस जायचे.

त्या जानेवारीत तिसऱ्या मजल्यावरच्या हेडविगबाईंनी तिला बोलावलं. चौऱ्याऐंशी वर्षांच्या बाई स्वयंपाकघरात कोट घालून बसल्या होत्या.

"गुनबोर्ग, माझंच अंग थंड पडलंय की घर, ते बघ बाई."

थर्मामीटर पंधरा अंशांवर होता. गुनबोर्गनं हवा काढली, पंप तपासला, बॉयलर थोडा वाढवला. फरक शून्य. मग ती एकेका घरात शिरून व्हॉल्व्ह बघत खाली आली. शेवटचं दार तळमजल्यावरच्या अल्वारचं. गिरणीतला तिचा जुना सोबती. नवरा गेला तेव्हा इमारतीसमोरचं तिच्या वाट्याचं बर्फ महिनाभर यानंच फावड्यानं ओढलं होतं.

"माझं कशाला बघतेस?" अल्वार दारातच हसला. "तू ठेवलंस तसंच आहे सगळं."

ती तशीच परत फिरली. अल्वारचा शब्द तपासायचा असतो, हे तिच्या डोक्यातही आलं नाही.

फेब्रुवारीत रहिवाशांची सभा भरली. हेडविगबाई लेकीकडे राहायला गेल्या होत्या आणि लोक कुरकुरत होते. तेवढ्यात अल्वार उभा राहिला.

"कुणीतरी बोलायला हवं, म्हणून बोलतो. गुनबोर्गचं वय झालंय. तिला आता जमत नाही. एखाद्या कंपनीला काम देऊ या."

गुनबोर्गनं त्याच्याकडे पाहिलं. तो समोरच्या भिंतीकडे बघत होता. हात वर झाले. तिनं बॉयलरखोलीची किल्ली टेबलावर ठेवली आणि घरी येऊन दोन दिवस कुणाचा फोन घेतला नाही. खरंच आपलं डोकं चालेनासं झालं का, हाच विचार तिला पोखरत होता.

कंपनीचा माणूस आला तो मंगळवारी. बॉयलरकडे परतणारे पाइप त्यानं हातानं चाचपले, तर त्यातला एक चटका बसावा इतका गरम. त्या पाइपाचा माग काढत तो अल्वारच्या घरात गेला, आणि नंतर गुनबोर्गकडे आला.

"मावशी, अल्वारच्या घरातले चारही व्हॉल्व्ह तुम्ही एवढे उघडे ठेवले होते? सगळं पाणी तिथूनच वळून परत येतंय."

ती चपला न बदलता खाली गेली. अल्वारच्या खोलीत उकडत होतं. तो नुसत्या बनियनवर होता.

"कधी उघडलेस?"

"नोव्हेंबरात. गुडघे दुखतात गं माझे."

"मग मला सांगायचं होतंस. गुडघ्यांसाठी मी काहीतरी केलंच असतं."

"वाटलं, एवढ्यानं काय होतंय."

"व्हॉल्व्ह उघडलेस, ते सोड," ती म्हणाली. "पण हेडविग वर गारठतेय हे तुला ठाऊक होतं. आणि तरी सगळ्यांसमोर मला वेड्यात काढलंस. का रे?"

"तू रोज खोदून खोदून शोधत होतीस," तो पुटपुटला. "एक दिवस सापडलंच असतं."

ती खाली वाकली आणि चारही व्हॉल्व्ह आवळून बाहेर पडली.

तिसऱ्या दिवशी वरचा मजला ऊबदार झाला. हेडविगबाई परत आल्या. लोकांनी गुनबोर्गची माफी मागितली, काम परत घे म्हणाले. तिनं घेतलंही. मात्र अट घातली. दर सप्टेंबरला ती आता अकरा घरं करते. बारावं कंपनीचा माणूस करतो. जिन्यात अल्वार भेटला तर ती त्याला वाट करून देते, पण वर बघत नाही.