सुपडू आबा आणि माळढोकाची वाट

शिरपूरच्या आमच्या कॉलेजात वन्यजीवांच्या छायाचित्रांचे प्रदर्शन भरवले होते. पांढरा शर्ट घातलेले एक उंच, शिडशिडीत गृहस्थ एकाच फोटोसमोर बराच वेळ उभे होते. फोटो माळढोकाचा होता. मी प्राणिशास्त्र शिकवते, त्यामुळे राहवेना. जवळ जाऊन सांगू लागले, की हा पक्षी आपल्याकडच्या माळांवरून जवळजवळ गेला, राजस्थानच्या वाळवंटात थोडे उरलेत. त्यांनी सगळे ऐकून घेतले आणि हलकेच म्हणाले, "हाऊ पक्षी मी खायेल शे, ताई."

ते सुपडू आबा. वीज खात्यातून लाइनमन म्हणून निवृत्त झालेले. नोकरीच्या पहिल्याच वर्षी त्यांच्या गँगने धुळ्याकडच्या एका माळावरून नवी लाइन ओढली होती. काही दिवसांनी तारेखाली एवढा मोठा पक्षी पडलेला सापडला. अंग अजून गरम होते. कुणाला नाव ठाऊक नव्हते. गँगने तो शिजवला. इतक्या वर्षांनी त्याचे नाव त्यांना आमच्या भिंतीवर वाचायला मिळाले होते.

त्या हिवाळ्यात मी जैसलमेरच्या पलीकडे एका संवर्धन प्रकल्पावर दोन महिने स्वयंसेवक म्हणून जाणार होते. माळढोक तिथेही विजेच्या तारांना धडकून मरत होते. बोलण्याच्या ओघात हे मी आबांना सांगितले. तिसऱ्या दिवशी ते माझ्या घरी आले ते मलाही न्या म्हणत, डॉक्टरांचा दाखला घेऊन: साखर ठीक, रक्तदाब ठीक. गावात त्यांनी सांगितले होते, की राजस्थान बघायला चाललो. खरे काय ते फक्त अक्कांना, त्यांच्या बायकोला, माहीत होते.

वाळवंटात आम्ही सगळे जमिनीकडे बघत चालायचो. आबा वर बघत चालायचे. पहिल्याच आठवड्यात आम्हाला एक मेलेली मादी सापडली. मान मोडलेली होती. सगळे फोटो काढत होते, मोजमापे घेत होते. आबांनी डोक्यावरची टोपी काढली आणि ते खांबाकडे गेले. सर्वांत वरच्या बारीक तारेत एक पीस अडकले होते, ते त्यांनी मला दाखवले. जाड तारा पक्ष्याला निदान उशिरा तरी दिसतात, ही बारीक तार दिसतच नाही, असे त्यांचे म्हणणे होते. "आपले दिखस, त्याले नही दिखत," एवढेच ते म्हणाले.

पक्ष्यांना तार दिसावी म्हणून तिच्यावर लावायच्या चमकत्या चकत्या आल्या होत्या, पण सगळ्या लाइनीला पुरणार नव्हत्या. प्रकल्पाचा तरुण प्रमुख निखिल याने डांबरी रस्त्याच्या बाजूने सुरुवात करायचे ठरवले होते, कारण गाडी तिथवर जात होती. आबांना ते पटले नाही. पक्षी पहाटे दूरच्या गवताळ खोलगट भागातून निघतात आणि लाइनीचा मधला टप्पा ओलांडतात, असा त्यांचा अंदाज होता. निखिलने नम्रपणे सांगितले, की अंदाजावर खांबांची ठरलेली यादी बदलता येणार नाही. मला राग आला. आबांना नाही आला. त्यांचे एक ठरलेले वाक्य होते, "पहिले देख, मंग बोल." तेच त्यांनी स्वतःला लावले.

दुसऱ्या दिवसापासून ते उजाडायच्या आत त्या टप्प्यावर जाऊन बसू लागले. एका खेजडीच्या झाडाखाली पोते अंथरायचे, अंगावर अक्कांनी दिलेली घोंगडी, हातात शाळेची वही. खांबाचा नंबर, वेळ, पक्षी किती उंचावरून गेला, वारा कुठला, सगळे बाळबोध अक्षरात. ऊन तापले की उठायचे. गुडघे सुजले तेव्हा मी म्हटले, आबा, एक दिवस राहू द्या. ते म्हणाले, "पाखरू सुट्टी लेस का?"

नऊ दिवसांनी त्यांनी वही निखिलपुढे ठेवली. निखिल भला माणूस. वाद न घालता तो स्वतः तीन पहाटे आबांशेजारी जाऊन बसला, आणि चौथ्या दिवशी त्याने यादी बदलली. वीज बंद करून तिथल्या लाइनमन लोकांनी चकत्या चढवल्या. आबा खाली उभे राहून त्यांना मराठी, अहिराणी आणि हिंदी एकत्र करून सूचना देत होते, आणि त्या लोकांना सगळे कळत होते. एकाच धंद्यातली माणसे ती.

मग आम्ही वाट पाहिली. पाचव्या पहाटे त्या खोलगट भागातून एक मादी निघाली. जड पक्षी, उडतो तो सरळ रेषेत. ऐन वेळी वळणे त्याला जमत नाही. ती थेट तारांकडे येत होती. आबांनी माझे मनगट इतके घट्ट धरले, की बोटांचे वळ उठले. वाऱ्याने चकत्या फिरल्या, लखलखल्या. मादीने पंख जोरात मारले, वर चढली, तारेवरून पलीकडे गेली आणि गवतात उतरली. आबांनी वही उघडली, खांबाचा नंबर आणि वेळ लिहिली. अक्षर मात्र त्या दिवशी वेडेवाकडे आले.

दोन वर्षांनी ते धुळ्याच्या दवाखान्यात होते. फुप्फुसाचे दुखणे होते. निखिलने मला फोनवर सांगितलेले मी त्यांच्या कानाशी जाऊन सांगितले: त्या टप्प्याला तिथले मेंढपाळ आणि लाइनमन आता 'आबावाली लाइन' म्हणतात. मला वाटले, हसतील. त्यांनी विचारले, "बठ्ठी लाइनले चकत्या लाग्यात का?" अजून थोडी उरली आहे, मी म्हटले. "मंग नाव नंतर. पहिले ती पुरी करा."

आठ दिवसांनी ते गेले.

या हिवाळ्यात माझ्या दोन विद्यार्थिनी त्याच प्रकल्पावर गेल्या आहेत. आबांना त्यांनी कधी पाहिले नव्हते. परवा त्यातल्या एकीचा फोन आला. रोज सकाळी जीपवाल्याला काय सांगतो, ते ती सहज बोलून गेली: आबावाली लाइनला सोडा, तिथून पुढे आम्ही चालत जातो. उरलेले खांब तिकडेच आहेत.